बर्फावरची माणसं

मध्यंतर झालं की उठू नका. आइस शोला मुलांना घेऊन जाणाऱ्या आईबापांना मला सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं. दिवे लागतात, सगळं प्रेक्षागृह पॉपकॉर्नच्या आणि स्वच्छतागृहाच्या रांगांकडे धावतं, आणि नेमकं तेव्हाच एका कोपऱ्यातलं दार उघडून एक बोजड, चौकोनी यंत्र बर्फावर येतं. तासाभरात पात्यांनी ओरबाडून भुरकट झालेला बर्फ ते तासतं आणि मागे पाण्याचा पातळ थर पसरत पुढे सरकतं. त्या ओल्या पट्ट्यावरून वाफ उठते. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात, प्रुडेन्शियल सेंटरमध्ये, 'डिस्ने ऑन आइस'च्या मध्यंतरात माझ्या सहा वर्षांच्या भाच्याने ती वाफ पाहिली आणि तो खुर्चीवर उभाच राहिला. "मावशी, गरम पाणी? बर्फावर?"

प्रयोगात राजकन्या होत्या, बोलणारा हिममानव होता, वरून खोटं हिम भुरभुरत होतं. त्यातलं त्याला पुढे किती आठवलं, मला ठाऊक नाही. वाफेचा विषय मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत चालला. मुलांना आइस शोला गोष्ट बघायला न्यायची गरज नसते. ती त्यांनी पडद्यावर इतकेदा पाहिलेली असते की संवाद पाठ असतात. खऱ्या वजनाची माणसं, खऱ्या बर्फावर, हातभर रुंदीची चूक झाली तर आपटतील अशा वेगात ती गोष्ट कशी उभी करतात, ते बघायला न्यावं.

तर, पाणी गरमच असतं. साधारण ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही जास्त. गार पाणी टाकलं तर ते वरच्या वर गोठून पापुद्र्यासारखं बसतं. गरम पाणी खालच्या बर्फाचा वरचा थर किंचित वितळवतं, ओरखड्यांत शिरतं आणि त्याच्याशी एकजीव होऊन गोठतं. शिवाय तापवलेल्या पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, त्यामुळे बर्फ घट्ट आणि नितळ होतो. हे सांगितल्यावर माझ्या नऊ वर्षांच्या भाचीचा पुढचा प्रश्न आला: खाली तळं किती खोल आहे? तळं नसतंच. खाली काँक्रीट असतं, त्यात कित्येक किलोमीटर लांबीच्या नळ्या पुरलेल्या असतात आणि त्यांतून शून्याखाली थंड केलेलं खारं पाणी किंवा ग्लायकॉल खेळवतात. वर पाणी फवारून एकेक पातळ थर गोठवत नेतात. पांढरा दिसणारा रंगही याच थरांच्या मध्ये मारलेला असतो. सगळी मिळून जाडी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. तिने बोटांनी माप घेऊन पाहिलं आणि मग उरलेला सगळा प्रयोग ती राजकन्येच्या पायांकडे बघत राहिली.

फिगर स्केटिंगचा बर्फ आइस हॉकीच्या बर्फापेक्षा थोडा उबदार ठेवतात, उणे तीन-चार अंशांच्या आसपास. उडी घेताना आणि उतरताना पात्याची कड किंचित रुतायला हवी. फार कडक बर्फावर ती धरत नाही. एकाच इमारतीत आज हॉकीचा सामना आणि परवा आइस शो असेल, तर तापमानाचं हे गणित सांभाळणारी माणसं तिथे असतात. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव नसतं.

बर्फ तासणाऱ्या यंत्राचीही एक गोष्ट आहे, आणि ती मुलांना फार आवडते. कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावात फ्रँक झांबोनी आणि त्याच्या भावाचा बर्फाच्या लाद्या बनवायचा धंदा होता. घरोघर रेफ्रिजरेटर आले तशी लाद्यांची मागणी आटली. बर्फ गोठवण्याची विद्या हातात होती, म्हणून त्यांनी १९४० मध्ये स्केटिंगचं रिंक उघडलं. पण बर्फ पुन्हा गुळगुळीत करायला ट्रॅक्टर फिरवा, खरवडा, पाणी मारा, गोठू द्या, असा तास-दीड तास जायचा. फ्रँक शाळा अर्धवट सोडलेला माणूस. वर्षानुवर्षं जोडाजोड करत १९४९ मध्ये त्याने हे सगळं एकाच फेरीत करणारं यंत्र बनवलं. आज अमेरिकेत मुलं त्या यंत्राला त्याच्याच नावाने हाका मारतात.

आता पाय का घसरतो, ते. आमच्या पिढीला शाळेत शिकवलं होतं की पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून स्केटर घसरतो. दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो हे खरं. पण हिशेब केला तर माणसाच्या वजनाने तो अंशाच्या काही दशांशानेच उतरतो. उणे चार अंशांवरच्या बर्फाला तेवढ्याने काही होत नाही. शिवाय साध्या चपलेनेही आपण बर्फावर घसरतोच. मायकेल फॅरडेने १८५० मध्येच सुचवलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर, गोठणबिंदूच्या खालीही, पाण्यासारखा एक अतिपातळ थर असतो. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून धरून ठेवणारं कुणी नसतं, त्यामुळे ते सैल राहतात. त्यात पात्याच्या घर्षणाची ऊब मिळते. या थराचं नेमकं वागणं कसं, यावर शास्त्रज्ञ अजून काम करत आहेत. नऊ वर्षांच्या मुलीला हे सांगताना मला विशेष आनंद झाला: तू आत्ता ज्यावर टाळ्या वाजवल्यास, त्याबद्दलचा शोध अजून संपलेला नाही.

पातं म्हणजे सुरीसारखी एकच धार असते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते साधारण चार मिलिमीटर रुंद असतं आणि त्याच्या तळाला लांबच लांब खोबण असते. त्यामुळे दोन कडा तयार होतात, एक आतली आणि एक बाहेरची. स्केटिंगची सारी कला या दोन कडांवर झुकण्यात आहे. सरळ उभं राहिलं तर माणूस सरळ जातो. घोट्यातून कलला की वळण सुरू होतं. पुढच्या टोकाला दाते असतात, ते उडीसाठी बर्फात रोवतात. शक्य असेल तर खालच्या रांगेची तिकिटं घ्या, कोपऱ्यातली का असेनात. संगीत जरा मंद झालं की खोल वळणावर कडेचा आवाज ऐकू येतो, जाड कापड टरकावल्यासारखा. पडद्यावर तो कधीच येत नाही, आणि वेग म्हणजे काय हे त्या आवाजाने अंगावर येतं.

गिरकीचं गणित तर प्रत्येक मुलाला डोळ्यांनी दिसतं. हात पसरून सुरू केलेली गिरकी हात छातीशी घेताच दुप्पट-तिप्पट वेगाने फिरू लागते. बाहेरून कुणी ढकलत नाही. वस्तुमान अक्षाच्या जवळ आलं की फिरण्याचा वेग वाढतो, कारण कोनीय संवेग तेवढाच राहतो. अकरावीच्या पुस्तकात हे एका समीकरणात येतं. २०१५ मध्ये ११ वर्षांच्या एका मुलीने बर्फावर मिनिटाला ३४२ फेऱ्यांच्या वेगाने गिरकी घेतली होती. घरी आल्यावर बहिणीच्या नवऱ्याच्या फिरत्या खुर्चीवर बसून, दोन्ही हातांत जाड पुस्तकं धरून, दोन्ही मुलांनी हा प्रयोग करून पाहिला. भाच्याला लगेच चक्कर आली. मग स्केटरला का येत नाही? तिलाही आधी येतेच. कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधलं द्रव फिरत राहतं आणि मेंदूला वाटतं आपण अजून फिरतो आहोत. वर्षानुवर्षांच्या सरावाने मेंदू त्या संदेशाकडे दुर्लक्ष करायला शिकतो. सराव फक्त स्नायूंना होत नाही, हे मुलांनी ऐकायला हवं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भावतो तो समूहाचा भाग. दहा-बारा जण हात गुंफून एक रांग करतात आणि ती रांग घड्याळाच्या काट्यासारखी मध्याभोवती फिरू लागते. मधला माणूस जवळपास जागच्या जागी वळत असतो. टोकाचा मात्र जिवाच्या आकांताने पळत असतो, कारण मध्यापासून दहा मीटरवर असलेल्याला एका फेरीत ६३ मीटर कापावे लागतात. कुणी इंचभर मागे राहिला तरी रांग वाकते आणि वरच्या शेवटच्या खुर्चीतूनही ते दिसतं. मधल्याने वेग जास्त ठेवला तर टोकाचा सुटतो, म्हणून मधल्याला टोकाच्याचा अंदाज ठेवावा लागतो. सगळ्यात कमी हालणारा माणूस सगळ्यात जास्त जबाबदार असतो. डोळ्यांवर झोत, भोवती अंधार, काहींच्या डोक्यावर प्राण्यांचे मोठाले मुखवटे, ज्यांतून बाजूचं धड दिसतही नाही. ते चालतात मोजणीवर आणि शेजारच्या हातावर.

आम्ही पाहिलेल्या प्रयोगात एक मुलगी पडली. मुख्य भूमिकेतली नव्हे, मागच्या रांगेतली. आजूबाजूची मुलं एकदम गप्प झाली. ती कुशीवर पडली, हात झटकन पोटाशी घेतले, एका गुडघ्यावर आली, उठली आणि दोन ठेके गाळून बरोबर पुढच्या ठेक्यावर रांगेत जाऊन मिळाली. भाचीला वाटलं होतं की आता संगीत थांबेल, तिला कुणी ओरडेल. असं काही झालं नाही. स्केटिंगच्या वर्गात पहिल्याच दिवशी पडायला शिकवतात: बाजूला पडायचं, मागे नाही, मुठी मिटून हात आत घ्यायचे, बोटांवरून कुणाचं पातं जाऊ नये म्हणून. पडणं हा अभ्यासक्रमातला पहिला विषय आहे आणि तो शेवटपर्यंत चालू राहतो.

पण ती पडली तेव्हा घडलेली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तिचे कुणी गुण कापले नाहीत.

स्पर्धेतलं फिगर स्केटिंग म्हणजे गुणांचा खेळ. प्रत्येक उडीला मूळ गुण, ती किती नीट जमली यावर अधिक-उणे, पडल्यास वजावट. आइस शोमध्ये पंचच नसतात. तीच गिरकी, तीच उडी, तेच वर्षानुवर्षांचं कसब, पण त्याचा निकाल लागत नाही. न्यू जर्सीतली माझी बहीण आणि तिच्या मैत्रिणी, एडिसन-पार्सिपनीकडची मराठी कुटुंबं, मुलांना काय काय शिकवतात ते मी पाहते: भरतनाट्यम, तबला, पोहणं, बुद्धिबळ, गणिताचा जादा वर्ग. पुण्या-ठाण्यातही यादी फार वेगळी नाही. प्रत्येकाला परीक्षा, पातळी, प्रमाणपत्र, चषक. आपल्या मुलांना कसब दिसतं ते बहुतेक वेळा निकालाच्या शेजारीच. पहिला आलेला दिसतो. सतराव्या क्रमांकाचं पुढे काय होतं, हे कुणी दाखवत नाही.

सतराव्या क्रमांकाचं काय होतं, याचं एक चांगलं उत्तर आइस शोच्या मागच्या रांगेत असतं. तिथे बहुतेक जण लहानपणापासून स्पर्धा खेळलेले, कुठल्या कुठल्या देशांतून आलेले, ऑलिंपिकपर्यंत न पोचलेले स्केटर असतात. वर्षातले कितीतरी महिने ते गावोगाव फिरतात. शनिवारी एकाच दिवसात दोन-तीन प्रयोग करतात. मंगळवारच्या दुपारच्या प्रयोगाला आलेल्या मुलासाठी तो एकच प्रयोग असतो, म्हणून त्यांचा शंभरावा प्रयोगही त्याला पहिल्यासारखा दिसावा लागतो. पदक आणि अपयश यांच्या मधली ही एवढी मोठी, सन्मानाची जागा दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांनी दिसणं, हे मला तिकिटाच्या पैशांचं सार्थक वाटतं.

या खेळाची वंशावळही पाहण्यासारखी आहे. नॉर्वेची सोन्या हेनी १९२४ मध्ये शामोनीच्या ऑलिंपिकला उतरली तेव्हा ११ वर्षांची होती आणि शेवटची आली. पुढच्या तिन्ही ऑलिंपिकचं सुवर्ण तिने घेतलं, आणि मग अमेरिकेत जाऊन चित्रपट आणि आइस शो यांचं वेड लावलं. १९३६ मध्ये 'आइस फॉलीज', १९४० मध्ये 'आइस कपेड्स', मग 'हॉलिडे ऑन आइस', ज्यांनी फिरतं रिंकच काढलं आणि जिथे बर्फ नाही तिथे बर्फ नेला. रिंगलिंग सर्कस चालवणाऱ्या फेल्ड कुटुंबाने १९७९ मध्ये यांतल्या दोन कंपन्या विकत घेतल्या आणि १९८१ मध्ये डिस्नेची पात्रं बर्फावर आणली. पहिला प्रयोग झाला न्यू जर्सीतच, ईस्ट रदरफर्डला, आम्ही बसलो होतो तिथून काही मैलांवर.

म्हणजे हे सर्कसचंच एक घराणं. आणि सर्कस म्हटलं की मराठी माणसाला विष्णुपंत छत्रे आठवायलाच हवेत. सांगलीकडच्या अंकलखोपचे छत्रे, घोड्यांचे मोठे जाणकार. मुंबईत कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आली, ती त्यांनी पाहिली आणि १८८० मध्ये स्वतःची सर्कस उभी केली. भारतीय सर्कसची सुरुवात तिथून धरतात. पुढे देवल, कार्लेकर अशी सांगली भागातलीच नावं या धंद्यात गाजली. एका माणसाने एक प्रत्यक्ष खेळ पाहिला, त्यातून हे सगळं झालं.

मूल नेमकं काय घेऊन घरी जाईल, हे आपल्या हातात नसतं. १९७०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका आईने आपल्या चिमुरड्या मुलीला 'आइस फॉलीज'ला नेलं. मुलीला भुलवलं ते कुठल्या राणीने नव्हे, विदूषकाने. वेर्नर ग्रोएब्ली हा स्विस स्केटर 'मिस्टर फ्रिक' या नावाने काम करायचा. गुडघे वाकवून, पाठ जवळजवळ बर्फाला समांतर नेऊन तो असा घसरत जायचा की आता पडला, आता पडला असं वाटावं. आणि तो पडत नसे. ती मुलगी म्हणजे डेबी थॉमस. स्टॅनफर्डमध्ये शिकता शिकता ती १९८६ मध्ये जगज्जेती झाली, १९८८च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून हिवाळी ऑलिंपिकचं पदक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली, आणि पुढे हाडांची शल्यचिकित्सक झाली. विनोद करायलाही तेवढंच, कदाचित जास्तच, कसब लागतं, हे त्या चिमुरडीला आधी दिसलं होतं.

तिच्या आधीच्या पिढीत ही वाट बंद होती. मेबल फेअरबँक्स या कृष्णवर्णीय मुलीने १९३०च्या दशकात सोन्या हेनीचा चित्रपट पाहून स्केटिंगचा ध्यास घेतला, तर न्यूयॉर्कमधल्या रिंकने तिला दारातून परत पाठवलं. ती पुन्हा पुन्हा जात राहिली. मोठ्या आइस शोंनी तिला कामं दिली नाहीत, म्हणून तिने छोट्याशा फिरत्या बर्फावर स्वतःचे प्रयोग केले. नंतर लॉस एंजेलिसमध्ये ती प्रशिक्षक झाली. टाय बॅबिलोनिया आणि रँडी गार्डनर या दोन लहान मुलांची जोडी तिनेच जमवली आणि १९७९ मध्ये ती जोडी जगज्जेती झाली. १९९७ मध्ये अमेरिकी फिगर स्केटिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालेली ती पहिली आफ्रिकन अमेरिकन. बर्फावर कोण दिसतंय याबरोबर कोण दिसत नाही, हेही मुलांशी बोलायला हवं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना अन्याय लगेच कळतो.

आणि मग जपानचा स्केटर युझुरू हान्यू. त्याच्याबद्दल लिहायला मला वेगळा लेख लागेल, पण इथे त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप झाला तेव्हा १६ वर्षांचा हान्यू सेंदाईच्या आपल्या रिंकवर सराव करत होता. पायांत स्केट्स घालूनच तो बाहेर पळाला. घर राहण्याजोगं उरलं नव्हतं, कुटुंबाने निवारा केंद्रात आसरा घेतला, रिंक महिनोन्महिने बंद पडलं. एप्रिलमध्ये कोबे शहरात मदतनिधीसाठी आइस शो झाला. कोबेने १९९५ मध्ये स्वतःचा विनाशकारी भूकंप भोगला होता. तिथे तो उतरला. त्या वर्षी त्याने देशभरात साठेक आइस शो केले, कारण सराव करायला स्वतःचा बर्फ नव्हता. जिथे प्रयोग, तिथे सराव. लोक टाळ्या वाजवायला आले होते आणि एक मुलगा त्यांच्यासमोर आपला गृहपाठ करत होता. तीन वर्षांनी सोचीत त्याने ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं, २०१८ मध्ये प्योंगचांगला पुन्हा.

२०२२ मध्ये त्याने स्पर्धा सोडली. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. आपल्याकडे 'निवृत्त झाला' म्हणून बातमी संपली असती. त्याने उलट एकट्याने संपूर्ण प्रयोग करायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये टोकियो डोमसारख्या बेसबॉलच्या अवाढव्य मैदानात बर्फ घालून त्याने एकट्याचा प्रयोग केला, ३५,००० लोकांसमोर. त्याआधी तिथे कधीच स्केटिंग झालं नव्हतं. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, भूकंपाच्या स्मृतिदिनाच्या आगेमागे, मियागी प्रांतातल्या एका मोठ्या क्रीडागृहात त्याने 'नोत्ते स्तेल्लाता' हा आइस शो सुरू केला. २०११ मध्ये त्याच इमारतीत मृतदेह ठेवले होते. आता दर मार्चमध्ये तिथे बर्फ घातला जातो आणि तिकीट काढून आलेल्यांमध्ये लहान मुलंही असतात. भूकंप झाला तेव्हा त्यांच्यातली बरीचशी जन्मलीही नव्हती. एखाद्या जागेला तिच्या दुःखासकट पुन्हा वापरात कसं आणायचं, हे शिकवणारं पुस्तक मला माहीत नाही.

लहान मुलांना स्पर्धेच्या दिशेने ढकलण्यात धोका आहे, तोही स्पष्ट बोलायला हवा. चार-चार फेऱ्यांच्या उडीत स्केटर सेकंदाच्या सुमारे सात दशांश एवढा वेळ हवेत असतो, आणि उतरताना पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. सडपातळ, न वाढलेलं शरीर हवेत वेगाने फिरतं, म्हणून मुलींच्या स्पर्धा कोवळ्या वयाकडे झुकत गेल्या. २०२२ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये १५ वर्षांची एक मुलगी उत्तेजक द्रव्याच्या वादात आणि साऱ्या जगाच्या नजरेखाली पुन्हा पुन्हा कोसळताना सगळ्यांनी पाहिली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने प्रौढ गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करायचं ठरवलं. उशीर झाला, पण झालं ते बरं झालं. आइस शोमध्ये बर्फावर असतात ती मात्र वयात आलेली, विशीतली-तिशीतली माणसं. त्यांच्या मांड्या भरलेल्या असतात, खांदे रुंद असतात. मुलींनी हे बघणं मला फार गरजेचं वाटतं.

राजकन्यांच्या झगमगाटाबद्दलही एक. प्रयोगाबाहेर चमकणारी खेळणी विकायला असतात आणि मुलांची नजर तिथून हलत नाही. मी ते खेळणं आधीच नाकारलं होतं, आणि त्यामागे काटकसर नव्हती. आजूबाजूची मुलं हातातला दिवा फिरवत होती आणि बर्फाकडे अधूनमधून बघत होती. आमच्या दोघांचे हात मोकळे होते. जोडीच्या नृत्यात पुरुष मध्यावर रुतून उभा राहिला, त्याने एका हाताने जोडीदारिणीला धरलं आणि ती बर्फाला डोकं टेकेल इतकी आडवी होऊन त्याच्याभोवती फिरली, तेव्हा भाचीने माझा हात धरून मागे रेलून पाहिलं. "फुगडीसारखंच आहे," ती म्हणाली. गणपतीत आजीने तिला फुगडी शिकवली होती. दोघींनी मागे रेलायचं, एकमेकींचं वजन धरायचं, आणि एकीने हात सोडला की दोघी पडतात. तेच बळ, तेच गणित. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता आपल्याकडचं. 'डिस्ने ऑन आइस'सारखे प्रयोग बघायला अमेरिका, युरोप, जपान इथल्या मुलांना जितकं सोपं आहे, तितकं आपल्या मुलांना नाही. परदेशात नातेवाइकांकडे सुट्टीत गेलेल्यांनी मात्र संग्रहालयाइतकंच याला महत्त्व द्यावं. खरा बर्फ देशातही आहे. सिमल्याच्या लक्कड बाजाराजवळचं रिंक १९२०पासून आहे, उघड्यावरचं, निसर्गाने गोठवलेलं. रात्री पाणी पसरतात आणि थंडी ते गोठवते. ढगाळ रात्र आली किंवा पारा चढला की दुसऱ्या दिवशीचं सत्र बुडतं, आणि तिथले हिवाळे उबदार होत चालल्यामुळे स्केटिंगचे दिवस कमी होत आहेत. हवामानबदल मुलाला समजावून सांगायला त्या रिंकच्या दारावरची आजची सूचना पुरते. गुरुग्राममध्ये मॉलच्या आत यंत्राने गोठवलेलं रिंक आहे. डेहराडूनला २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेलं मोठं रिंक बरीच वर्षं बंद राहून पुन्हा सुरू झालं आहे. महाराष्ट्रात चाकांवरचं स्केटिंग भरपूर आहे. पुण्यात, मुंबईत, नाशकात सोसायट्यांच्या आवारात संध्याकाळी ती मुलं दिसतात. तोल, गुडघ्यातला वाक, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं हे सगळं बर्फावर कामाला येतं. थांबण्याची रीत मात्र नव्याने शिकावी लागते.

आणि प्रयोग पाहिल्यावर मुलाने "मलाही करायचंय" म्हटलं, तर लगेच वर्ग लावू नका. आधी सर्वांसाठी खुल्या असलेल्या सत्राला न्या, भाड्याच्या स्केट्स घ्या. बूट सैल नको. टाच आत हलता कामा नये. जाड लोकरी मोजे घातले तर पाय आत फिरतो, पातळ मोजेच बरे. नाडी पंज्यावर बेताची आणि घोट्याशी घट्ट आवळायची, मुलाला ते जमत नाही, ते आपणच बसून करायचं. कठड्याला धरून फिरू द्या, पण थोडाच वेळ. कठड्याशी माणूस ताठ होतो आणि ताठ माणूस मागे पडतो. लहान मुलांना हेल्मेट घाला. हातमोजे मोठ्यांनीही घालावेत. पडल्यावर तळवे बर्फावर टेकतात आणि मागून येणाऱ्याच्या पात्याला दोन्ही बाजूंनी धार असते.